उंदराला लाइक, सुरुंगाला टाळ्या

तो उंदीर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. छातीला लाल पट्टा बांधलेला, मिशा हलवत जमीन हुंगत फिरणारा, आपल्याकडच्या घुशीपेक्षाही थोराड असा आफ्रिकन उंदीर. नाव मगावा. शिक्षण टांझानियात, नोकरी कंबोडियात. पाच वर्षांच्या नोकरीत त्यानं शंभराहून जास्त भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब हुंगून काढले. माणसाला मेटल डिटेक्टर घेऊन टेनिस कोर्टाएवढी जागा तपासायला चार-चार दिवस लागू शकतात, हा पठ्ठ्या अर्ध्या तासात मोकळा. वजन इतकं कमी की पाय पडला तरी सुरुंग फुटत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका प्राणिसेवी संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. जानेवारी २०२२ मध्ये तो म्हातारा होऊन मेला, तेव्हा जगभरचे लोक कमेंटमध्ये रडले. मीही एक रडका चेहरा टाकून आलो.

त्याच वर्षी, १६ ऑगस्टला, आमच्या फॅमिली ग्रुपवर दुसरा एक व्हिडिओ आला. दिल्लीत संरक्षणमंत्री लष्कराच्या हाती नवी स्वदेशी सामग्री सोपवत होते. त्या यादीत एक नाव होतं ‘निपुण’. हा नव्या पिढीचा भूसुरुंग आहे, रणगाड्यासाठीचा नव्हे तर माणसासाठीचा. आणि त्याच्या विकासात पुण्याच्या पाषाणमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा, एआरडीईचा, वाटा आहे. ग्रुपवर तिरंगे फडकले, ‘पुणे तिथे काय उणे’ झालं. काकांनी टाळ्या टाकल्या, मावशीनं हात जोडले. मीही अंगठा टाकला.

उंदरासाठी रडणारा आणि निपुणला अंगठा देणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यात काही खटकलं नाही. हे खटकायला मला दोन वर्षं लागली. म्हणून हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग तुमच्याविरुद्ध.

निपुणच्या आधी आपल्या लष्कराकडे वर्षानुवर्षं जो सुरुंग होता, त्याचा मूळ नमुना अमेरिकन. एम-१४. तळहातावर मावतो. व्यास ५६ मिलिमीटर, उंची ४० मिलिमीटर, वजन जेमतेम शंभर ग्रॅम, म्हणजे चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या बिस्किटपुड्याएवढं. आत २९ ग्रॅम स्फोटक. फुटायला साधारण ९ ते १६ किलोचा दाब पुरतो. तुमच्या घरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर त्याचं वजन आठवा.

आता यातली खरी गोष्ट. २९ ग्रॅम ही चूक नाही, कंजुषीही नाही. ते मोजून घातलेले आहेत. या सुरुंगाचं काम मारणं हे नाहीच, पाऊल उडवणं हे आहे. मेलेल्या सैनिकाला मागं ठेवून तुकडी पुढं जाते. पाय गेलेला ओरडतो, त्याला उचलायला दोघं-तिघं लागतात, मग डॉक्टर, मग रक्त, मग हेलिकॉप्टर. असा सगळा विचार करून कुणीतरी टेबलावर बसून तो आकडा ठरवला. स्फोट खालून होतो, म्हणून माती, गवत, बुटाचे तुकडे, स्वतःच्याच हाडाच्या किरच्या वर मांसात घुसतात. त्यामुळे शल्यविशारदाला जिथं जखम दिसते त्याच्या बऱ्याच वर कापावं लागतं. पाऊल गेलं म्हणून आत नेलेला माणूस गुडघ्याखालचा पाय हरवून बाहेर येतो.

आणि पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वानवडीत, लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, सुरू झालेलं. पाषाणला सुरुंग, वानवडीला पाय. मध्ये विद्यापीठ चौक, डेक्कन, स्वारगेट आणि भरपूर ट्रॅफिक. या शहराच्या अभिमानाच्या यादीत दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशेजारी कुणी कधी लिहीत नाही.

माझा एक मामा सातारा जिल्ह्यातला, बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेला. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते काढणारे, आणि सुरुंग पेरणारे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा तो राजस्थानात होता. दोन्ही देशांची सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी राहिली ती थेट ऑक्टोबर २००२ पर्यंत. या काळात आपण सीमेलगत किती सुरुंग पेरले याचा लँडमाइन मॉनिटरचा अंदाज आहे सुमारे वीस लाख. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, म्हणून सांगतो : ते युद्ध झालंच नाही. एकही रणगाडा सीमा ओलांडून गेला नाही. पण सुरुंग लावताना आणि काढताना आपलेच जवान गेले, जायबंदी झाले. सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या उभ्या पिकाच्या जमिनी तारेच्या कुंपणात गेल्या. गुरं मेली. शत्रूचं काय झालं? शत्रू आलाच नव्हता.

मामाशी मी यावर भांडलोय. तो काही माझ्या बाजूचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘तुला फोनवर टाइप करायला काय जातंय,’ हे त्याचं पहिलं वाक्य. ‘रात्रीच्या पहाऱ्याला समोर काळोख असतो ना, तेव्हा पुढं माइन लावलीय एवढंच माहीत असलं तरी माणूस दोन तास झोपू शकतो.’ मी म्हटलं, पण मामा, ते फुटतात तेव्हा बघतात का कोण आलंय? तो म्हणाला, ‘सगळं नकाशावर असतं. रांग, अंतर, खूण. काढलेल्या पिना मोजून परत द्याव्या लागतात. आम्ही काय बी पेरल्यासारखं फेकत नव्हतो.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘वाळू सरकते, तो भाग वेगळा.’

तो भाग वेगळा नाही, तोच तर सगळा भाग आहे. राजस्थानात वाळू सरकते. पूंछ-राजौरीत पावसानं उतार घसरतो, सुरुंग वाहून खाली येतो, जिथं काल पायवाट सुरक्षित होती तिथं आज नसते. उन्हाळ्यात तिथल्या जंगलांना वणवा लागला की सुरुंग आपोआप फुटायला लागतात, अशा बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. जुलै २०२५ मध्ये पूंछच्या कृष्णा घाटी भागात गस्तीवर असताना सुरुंग फुटून एक अग्निवीर गेला, दोघं जखमी झाले. समोरून हल्ला झालेला नव्हता. नकाशे होते, शिस्त होती, सॅपर्स जगातल्या उत्तम सॅपर्सपैकी होते. आणि तरीही. हे हत्यार शिस्तीनं वापरलं तरी बेशिस्त आहे, कारण घोड्यावरचं बोट शेवटी पायाखाली येणाऱ्याचं असतं. बंदूकवाला थांबू शकतो. शस्त्रसंधी झाली की तोफ गप्प बसते. सुरुंगाला शस्त्रसंधी कळवायची सोय नाही.

इथं ‘शांततावादी भाबडे’ म्हणून हसणाऱ्यांसाठी एक तपशील, जो वादात नेहमी गाळला जातो. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावात सुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या आणि १ मार्च १९९९ ला तो लागू झाला. या करारानं सगळे सुरुंग बंद केलेले नाहीत. रणगाड्याखाली फुटणारे सुरुंग त्यात येत नाहीत. सैनिकानं समोर बघून, बटण दाबून उडवायचे सुरुंगही येत नाहीत. बंदी आहे ती फक्त माणसाच्या पावलानं, स्पर्शानं, जवळ येण्यानं आपोआप फुटणाऱ्यावर. म्हणजे हा करार ‘लढू नका’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, मारायचंच असेल तर निदान बघून मारा. यापेक्षा कमी काही मागता येईल असं मला वाटत नाही, आणि एवढंही आपल्याला जड होतं.

करारात एकशे साठाहून अधिक देश आले. त्यांनी साडेपाच कोटींहून जास्त साठवलेले सुरुंग नष्ट केले. मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त झाला. फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनानं १९८२ मध्ये पेरलेले सुरुंग काढून संपायला नोव्हेंबर २०२० उजाडला. युद्ध चाललं दहा आठवडे, साफसफाई संपायला लागली ३८ वर्षं. (त्या कुंपणांच्या आत पेंग्विनची वस्ती मात्र मजेत वाढली, कारण पेंग्विनही हलके. आणि तिथं सुरुंग काढायला आलेले बरेचसे कामगार झिम्बाब्वेचे, म्हणजे स्वतःच्या देशात सुरुंगांमध्येच वाढलेले. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या भांडणाचा कचरा शेवटी कुणी उचलला हे बघा.)

या करारात अमेरिका नाही, रशिया नाही, चीन नाही, पाकिस्तान नाही. आणि भारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दरवर्षी सुरुंगबंदीच्या बाजूनं ठराव येतो आणि आपण दरवर्षी तटस्थ राहतो. विरोध नाही, पाठिंबा नाही. आम्ही ‘सुरुंगमुक्त जगाच्या ध्येयाशी’ सहमत आहोत, पण आमच्या सीमा लांब आहेत आणि पर्याय अजून मिळालेला नाही, असं आपलं म्हणणं. हे १९९७ पासून चालू आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणाऱ्या देशाला एका बिस्किटपुड्याचा पर्याय मिळत नाहीये.

आपण एका दुसऱ्या, मवाळ नियमावलीत आहोत. त्यातला एक नियम असा की सुरुंग मेटल डिटेक्टरला सापडला पाहिजे, म्हणून त्यात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल देणारा धातू हवा. प्लास्टिकच्या एम-१४ ला त्यासाठी वेगळा धातू जोडावा लागला. आठ ग्रॅमची माणुसकी.

आता माझ्या बाजूची वाईट बातमी. युरोपनं, ज्यानं हा करार उभा केला, त्यानंच त्यातून पाय काढायला सुरुवात केलीय. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड, रशियाच्या शेजारचे पाच देश, डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात एकामागून एक बाहेर पडले. फिनलंड २०१२ मध्ये आत आला होता, दहा लाखांहून जास्त सुरुंग त्यानं नष्ट केले होते. आता रशियाशी असलेल्या १,३४० किलोमीटरच्या सीमेचं कारण देऊन तो परत फिरला. युक्रेननं तर करारात असतानाच २०२५ मध्ये माघारीची घोषणा केली. करारातल्या विसाव्या कलमानुसार युद्ध चालू असलेल्या देशाची माघार युद्ध संपेपर्यंत लागूच होत नाही. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

युक्रेनच्या बाबतीत मी घाईनं निकाल देणार नाही. ज्याच्या घरात शत्रू घुसलाय त्याला पुण्यात बसून उपदेश करणं मला जमत नाही. आणि एक गोष्ट कबूल करायलाच हवी : सुरुंग कामाचे नसतात असं म्हणणारे २०२३ नंतर खोटे पडले. त्या उन्हाळ्यात युक्रेनचा प्रतिहल्ला रशियाच्या सुरुंगपट्ट्यांत रुतला, हे सगळ्या जगानं पाहिलं. रेडक्रॉसनं १९९६ मध्ये २६ युद्धं तपासून निष्कर्ष काढला होता की माणसांविरुद्धच्या सुरुंगांचा लष्करी उपयोग फार मर्यादित आहे. आज तो निष्कर्ष जसाच्या तसा कुणाच्या तोंडावर फेकता येणार नाही. ठीक आहे. सुरुंग चालतात. विषारी वायूही चालतो. चालतं म्हणून वापरायचं असेल तर यादी फार लांब होईल.

त्याच युक्रेनमध्ये आज एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त जमीन संशयास्पद आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. आणि ती जगाला गहू आणि सूर्यफूल पुरवणारी काळी माती आहे. विदर्भातला एखादा शेतकरी कल्पनेत आणा, ज्याला नांगर घालायच्या आधी बँकेला नाही, पावसाला नाही, जमिनीलाच घाबरायचंय. सुरुंग बनवायला तीन डॉलरपासून खर्च येतो आणि एक काढायला तीनशे ते हजार, हा संयुक्त राष्ट्रांचा जुना, नेहमी सांगितला जाणारा हिशेब. पेरणारा आणि काढणारा एकच असता तर हे कधीच बंद झालं असतं.

बरं, रशियाचा शेजार हेच कारण असेल तर नॉर्वेचं काय करायचं? त्याचीही सीमा रशियाला लागून आहे. तो बाहेर पडला नाही. याबद्दल आपल्याकडच्या चर्चांमध्ये कुणी बोलत नाही, कारण ‘बघा, युरोपलाही अक्कल आली’ या वाक्यात नॉर्वे बसत नाही.

आणि आपली लांब सीमा? मे २०२५ च्या त्या चार दिवसांत आकाशातून काय येत होतं आणि काय जात होतं, ते तुम्ही रात्रभर जागून रिफ्रेश करत पाहिलंय. ड्रोन आणि क्षेपणास्त्रं. पंजाबात हत्यारं आणि अमली पदार्थ ड्रोननं कुंपणावरून येतात. जमिनीत चार बोटं खोल पुरलेला सुरुंग यातलं काय थांबवतो? नियंत्रण रेषेवर घुसखोर थांबवतो, असं उत्तर येईल. कधी थांबवत असेलही. पण किती घुसखोर, किती जवान, किती गुराखी, हा हिशेब संसदेच्या टेबलावर वर्षाला एकदा ठेवा ना. नागरिकाला तेवढं मागायचा हक्क आहे. हिशेब आपल्या बाजूचा निघाला तर मी हा लेख मागे घेईन.

जगाचा हिशेब आहे. लँडमाइन मॉनिटरच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात सुरुंग आणि युद्धात मागं राहिलेल्या स्फोटकांनी निदान ५,७५७ माणसं मेली किंवा जायबंदी झाली. त्यातले ८४ टक्के सामान्य नागरिक. सर्वांत जास्त बळी म्यानमारमध्ये, हजाराहून अधिक. म्यानमार म्हणजे कुठं लांब नाही, मणिपूर-मिझोरामच्या कुंपणापलीकडचा. पुढच्या वर्षी आकडा आणखी वाढला.

आकड्यांनी तुमचा अंगठा थांबत नाही हे मला माहीत आहे, माझाही थांबत नाही. म्हणून एक वेगळा आकडा. दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला तर वाढीच्या वयात त्याला दर सहा महिन्यांनी नवा कृत्रिम पाय लागतो, मोठेपणी दर तीन ते पाच वर्षांनी. आयुष्यभरात साधारण पंचवीस पाय. शाळेच्या बुटांसारखा पाय आखूड होत जातो. जयपूर फूट जगभर पोहोचला तो काही हौसेनं नाही, अफगाणिस्तान आणि कंबोडियासारख्या देशांनी गिऱ्हाईक पुरवलं म्हणून. आपण त्याचाही अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच.

माझ्या काही मित्रांना एव्हाना वाटत असेल की हा फक्त सरकारला झोडपतोय. तर गडचिरोलीबद्दल बोलू. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांनी रस्त्यात पेरलेला सुरुंग उडवला आणि १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. त्यातले बहुतेक तिथल्याच भागातले, गरीब घरातले. क्रांतीच्या नावानं जंगलात पुरलेला डबा आदिवासी पायाखाली फुटतो तेव्हा तो काही वेगळ्या आवाजात फुटत नाही. या विषयावर वर्षानुवर्षं गुळमुळीत बोलणाऱ्यांना निपुणवर बोलायचा अधिकार निम्माच उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुका टेबलावर मांडून फोटो निघाले. बंदूक टेबलावर ठेवता येते. वाटेत पुरलेलं काय?

माझं म्हणणं फार मोठं नाही. आपण उद्या सकाळी सही करणार नाही, हे मला समजतं. पण आमसभेत तटस्थ बसण्याऐवजी हात वर करता येईल, त्याला सीमेवरचा एकही जवान लागत नाही. सीमेवरच्या गावांत ज्यांचे पाय आपल्याच सुरुंगांनी गेले त्यांना अर्ज-विनंतीवर नाही तर कायद्यानं पेन्शन आणि ते पंचवीस पाय देता येतील. निपुण बनवणं थांबवून त्याच प्रयोगशाळेतल्या हुशार मंडळींना बघून उडवायच्या सुरुंगावर बसवता येईल. आणि आपण, म्हणजे मी आणि तुम्ही, निदान टाळ्या टाकायच्या आधी वस्तू काय आहे ते वाचू शकतो.

मामाला हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं निम्म्यात ‘बरं बरं’ केलं. मग आपणहून एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. पराक्रम संपल्यावर त्यांनीच लावलेले सुरुंग त्यांनाच काढायला लावले. लावायला लागले त्याच्या कितीतरी पट दिवस लागले. एका शेताचं काम झालं, तारा काढल्या, साहेबांनी कागदावर सही केली आणि शेताच्या मालकाला बोलावलं. म्हणाले, झालं, घे तुझी जमीन. म्हातारा बांधावर उभा राहिला. आत पाय टाकेना. म्हणाला, आधी तुम्ही चाला.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. आम्ही सातजण हातभर अंतर ठेवून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेलो. आणि परत आलो.’

‘भीती वाटली?’

मामानं कप खाली ठेवला. ‘पिना मोजलेल्या होत्या,’ तो म्हणाला, आणि मामीला आणखी चहा आहे का ते विचारायला आत गेला.